ई-चलन मान्य नसेल तर: पुरावा, न्यायालय आणि बातमी

मोबाइलवर ई-चलनाचा संदेश येतो तेव्हा रक्कम चटकन नजरेत भरते, कलम मात्र शोधावे लागते, आणि गुन्हा आपणच केला हे जणू ठरूनच गेलेले असते. कायद्याने अजून काहीही ठरलेले नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे पोलिसांना जी रक्कम स्वीकारता येते ती तडजोड शुल्काची असते. वाहनचालकाने ती भरली की प्रकरण तिथेच मिटते आणि त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही. दोषी ठरवून दंडाची शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे. चलन हा आरोप आहे, आणि पैसे भरणे म्हणजे तो आरोप वाद न घालता मिटवणे. रोजच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा फरक जवळपास पुसला गेला आहे, आणि चलन मान्य नसलेल्या माणसाची निम्मी अडचण तिथूनच सुरू होते.

मी वकील नाही. एका चलनाविरुद्ध न्यायालयापर्यंत गेलेला, त्यानिमित्ताने कायद्याची कलमे मुळातून वाचलेला आणि वृत्तपत्रांतील वाहतुकीच्या बातम्यांकडे तेव्हापासून जरा संशयाने पाहू लागलेला एक वाहनधारक आहे. पुढे जे लिहिले आहे ते महाराष्ट्रातील ई-चलनापुरते आहे. अपघात, मद्यपान किंवा कोणाला झालेली इजा यांचा संबंध असेल, तर हे वाचत बसण्याऐवजी त्याच दिवशी वकील गाठावा.

लढावे की भरावे

सिग्नल तोडलेला असेल, हेल्मेट घातलेले नसेल, तर पैसे भरावेत. हे मी नीतीचा धडा म्हणून सांगत नाही. त्यामागे व्यवहार आहे. तडजोडीची रक्कम नाकारून खटला चालवला आणि गुन्हा शाबित झाला, तर न्यायाधीश त्या रकमेला बांधील नसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे आणि वाहन चालवताना हातात मोबाइल धरून वापरणे यांचा उल्लेख कलम १८४ च्या स्पष्टीकरणात झाला आहे. त्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यालाही किमान सहा महिने ते कमाल एक वर्षाचा कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हेल्मेटच्या कलम १९४-ड मध्ये एक हजार रुपयांच्या जोडीला तीन महिने परवान्यास अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. केवळ राग आला म्हणून इतकी जोखीम घेऊ नये.

लढण्यासारखी प्रकरणे मुख्यतः वस्तुस्थितीची असतात. छायाचित्रातले वाहन आपले नाही. क्रमांक चुकीचा वाचला आहे. आपल्या क्रमांकाची बनावट पाटी दुसऱ्याच कोणी लावली आहे. वाहन त्या वेळी दुसऱ्या गावी होते. वाहन विकून हस्तांतर झालेले असताना चलन जुन्या मालकाकडे आले आहे. किंवा वेगमर्यादेचा फलक त्या ठिकाणी नव्हताच. सपाट भागात मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात ती बरीच खाली येते, आणि नेमकी कोणत्या फलकापाशी खाली येते यावरच वाद होतो. असा वाद छायाचित्र आणि मोजमाप समोर ठेवून सुटू शकतो. ‘सगळेच तोडतात, मलाच का पकडले’ हा वाद कोणत्याही न्यायालयात सुटत नाही.

पैसे भरण्याआधी पाहायच्या गोष्टी

संदेश खरा आहे का, हे आधी पाहावे. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवून बँक खाती रिकामी करणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट आहे. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर, ज्याच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, किंवा महाट्रॅफिक ॲपवर आपला वाहन क्रमांक आणि चासिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे घालून चलन स्वतः शोधावे. तिथे ते दिसले नाही, तर बहुधा ते चलनच नाही.

ते दिसले तर छायाचित्र मोठे करून पाहावे आणि लगेच उतरवून ठेवावे. माझ्या प्रकरणाचा सगळा निकाल या एका छायाचित्रात दडलेला होता. सिग्नल ओलांडल्याचा आरोप होता, वेळ संध्याकाळची होती आणि चित्र मागून घेतलेले होते. मागे बसलेल्या व्यक्तीच्या खांद्यावरील पिशवीचा बंद नेमका पाटीच्या शेवटच्या आकड्यावर लोंबत होता, त्यामुळे तो आकडा ३ आहे की ८, हे चित्र कितीही मोठे केले तरी ठरत नव्हते. चलनात तो ८ म्हणून उतरला होता आणि ८ वर संपणारा क्रमांक माझा होता. शिवाय चित्रातल्या स्कूटरला मागे बसणाऱ्याच्या पाठीसाठी टेकू बसवलेला होता, जो माझ्या स्कूटरला कधीच नव्हता. अशा खुणा एकदा नजर टाकून सापडत नाहीत. रंगाची छटा, आरशांचा आकार, मागच्या दिव्याची ठेवण, चिकटवलेली अक्षरे, सायलेन्सरची बाजू, पाटीवरील अक्षरांचे वळण यांची एकेक करून आपल्या वाहनाशी तुलना करावी, आणि त्याच कोनातून, तितक्याच अंतरावरून आपल्या वाहनाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.

त्यानंतर चलनावरील तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि चलन देणाऱ्या शाखेचे नाव कागदावर उतरवावे. कलमाला विशेष महत्त्व आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, तर एक वर्षापर्यंत कारावास असलेल्या गुन्ह्यासाठी ही मुदत एक वर्षाची आहे. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. सिग्नलचा भंग फक्त दंड असलेल्या कलम १७७ खाली लावला आहे की कारावासाचीही तरतूद असलेल्या १८४ खाली, यावर मुदतीचे गणित बदलते. दोन-तीन वर्षांपूर्वीची चलने एकगठ्ठा समोर येतात तेव्हा हा मुद्दा विशेष उपयोगी पडतो. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला असतो हेही ध्यानात ठेवावे.

कॅमेऱ्याकडून कायदा काय मागतो

सामान्य वाहनधारकाला याची माहिती सर्वांत कमी असते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम १३६-अ आले आणि रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा आधार मिळाला. त्यापाठोपाठ ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्यानुसार कॅमेरा किंवा वेगमापक यंत्राला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र लागते, आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. या भागावर देखरेख आहे असे सांगणारे फलक ठळक जागी असावे लागतात. चलनासोबत गुन्हा आणि नंबर पाटी स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने घेतलेले मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण यांचा ठसा, कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे लागते. हे प्रमाणपत्र पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खाली दिले जाई. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले आहे. चलनाचा निकाल लागेपर्यंत मूळ चित्रण जपून ठेवण्याची जबाबदारीही यंत्रणेवर आहे.

२०२१ च्या या नियमाने गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवण्यास सांगितले. मूळ अधिनियमाच्या कलम २०९ मध्ये मात्र वेग आणि धोकादायक चालवणे या दोन गुन्ह्यांसाठी वेगळी अट आहे: गुन्हा घडतानाच कारवाईची समज दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांत चालकाला वा नोंदणीकृत मालकाला नोटीस दिलेली किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे, यांपैकी काहीच झाले नसेल तर दोषसिद्धी करता येत नाही. नाव-पत्ता वेळेत समजू शकला नाही किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे नोटीस पोहोचली नाही, असे न्यायालयाला पटले तर ही अट गळून पडते. अधिनियम चौदा दिवस म्हणतो आणि त्याखालचा नियम पंधरा, ही विसंगती मसुदा करणाऱ्यांच्या ध्यानात कशी आली नाही, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. नियमांच्या पाठात वेळोवेळी बदल होत असतात, म्हणून आपल्या चलनाच्या तारखेला जो पाठ लागू होता तोच काढून वाचावा आणि चलनावर उत्तर देण्याची मुदत छापलेली असेल तर ती मुळीच चुकवू नये.

वेगाच्या चलनाबाबत आणखी एक जुनी आणि सुज्ञ तरतूद आहे. कलम १८३ च्या पोटकलम ३ प्रमाणे ‘माझ्या मते गाडी जास्त वेगात होती’ एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने घेतलेल्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. त्यामुळे वेगाच्या खटल्यात यंत्र हाच खरा साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराची विश्वासार्हता तपासतात तशी यंत्राची मान्यता आणि तपासणी पाहावी लागते.

आपला पुरावा आणि लेखी हरकत

छायाचित्रानंतरचा सर्वांत भक्कम कागद म्हणजे फास्टॅगचे विवरण. मोटार त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातील टोलनाक्यावर होती हे बँकेच्या विवरणात मिनिटासह दिसते. दुचाकीला फास्टॅग नसतो. तिथे सोसायटीच्या किंवा कार्यालयाच्या फाटकावरील सीसीटीव्ही, हजेरीची नोंद, पेट्रोल पंपाची पावती, गॅरेजचे बिल यांवर भिस्त ठेवावी लागते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून त्याची मागणी पहिल्याच दिवशी, लेखी करावी. क्रमांकाची बनावट पाटी दुसऱ्या वाहनावर लागल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. एक चलन रद्द होऊन भागत नाही; उद्या त्याच पाटीने अपघात केला तर ही पोच हाताशी असलेली बरी. वाहन विकले असेल तर मालकी हस्तांतराच्या अर्जांच्या, म्हणजे नमुना २९ आणि ३० च्या, प्रती व हस्तांतराची नोंद काढावी. वाहन दुसऱ्या कोणी चालवत असेल, तर मागणी झाल्यास चालकाचे नाव-पत्ता देणे हे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे, ते लपवून लढाई लढता येत नाही.

यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र, त्या दिवशीची तपासणी नोंद आणि वेगमर्यादेची अधिसूचना हवी असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही तो करता येतो. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते, न दिल्यास प्रथम अपील करता येते. अर्जात ‘माझे चलन चुकीचे का आहे’ असा प्रश्न विचारू नये. प्रश्नाचे स्पष्टीकरण देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसते. अभिलेखाची प्रत देणे असते. म्हणून ‘अमुक ठिकाणी अमुक तारखेला वापरलेल्या यंत्राच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत’ असे नेमके मागावे.

हे हाती आले की पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवावी आणि तोच मजकूर संबंधित वाहतूक शाखेला लेखी देऊन पोच घ्यावी. अर्ज एका पानाचा असावा. पहिल्या परिच्छेदात चलन क्रमांक आणि मागणी, दुसऱ्यात वस्तुस्थिती, तिसऱ्यात जोडलेल्या कागदांची यादी, एवढे पुरते. मी दोन छायाचित्रे शेजारीशेजारी लावून टेकूभोवती वर्तुळ काढून पाठवले होते. उत्तर आले ते ‘चलन योग्य आहे, तक्रार निकाली’ एवढ्या एका ओळीचे. चित्र कोणी उघडून पाहिले असेल असे त्या ओळीवरून वाटले नाही. अशा उत्तराने खचून जाऊ नये, पण ते फेकूनही देऊ नये. आपण वेळेत हरकत घेतली होती याचा तो पुरावा असतो.

मध्येच लोकअदालतीची नोटीस येते आणि अनेकांचा गोंधळ उडतो. लोकअदालत हे तडजोडीचे ठिकाण आहे. तिथे समझोता होतो, साक्षीपुरावा होत नाही, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नसते. आरोप मान्य असून रक्कम जड जात असेल तर तिथे जाणे शहाणपणाचे आहे. आरोपच मान्य नसेल तर तिथे जाऊन ‘मी गुन्हा केला नाही’ असे सांगत बसण्यात अर्थ नाही. तडजोड मान्य नाही एवढे नम्रपणे नोंदवावे.

न्यायालयात

काही प्रकरणे आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयाकडे जातात. दिल्लीत २०१९ मध्ये सुरू झालेली ही पद्धत २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातून महाराष्ट्रात आली. तिथे पोर्टलवर दोनच वाटा असतात: रक्कम भरणे किंवा खटला लढवणे. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण त्या हद्दीच्या नियमित न्यायालयाकडे वर्ग होते आणि मग समन्स येते. समन्स आले की जावेच. गैरहजर राहिल्यास जामीनपात्र वॉरंट निघू शकते आणि पाचशे रुपयांच्या चलनाला विनाकारण पोलीस ठाण्याची पायरी जोडली जाते. तारीख आणि न्यायालय क्रमांक ई-कोर्ट्स ॲपवर दिसतो.

वकील घेणे सक्तीचे नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, तसेच ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि हे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते. स्वतः उभे राहायचे असेल तर सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहून आपला अनुक्रमांक शोधावा, कोर्टातील लिपिकाला हजर असल्याचे सांगावे आणि पुकाऱ्याची वाट पाहावी.

माझ्या आधी उभ्या असलेल्या रांगेत बहुतेकांचे उत्तर एकच होते, ‘कबूल आहे, साहेब’. त्यांतल्या एका रिक्षाचालकाला मी बाहेर विचारले, तेव्हा त्याने पार्किंगचे ते चलन आपले नसल्याचे ठामपणे सांगितले; पण पुन्हा तारखेला यायचे म्हणजे आणखी एका दिवसाची कमाई बुडणार होती, आणि ती कमाई दंडाहून जास्त होती. त्याच्या हिशेबात काहीही चूक नव्हती. छोट्या खटल्यांतला न्याय महाग असतो तो असा. कायदा सर्वांना लढण्याचा सारखाच अधिकार देतो, पण रजा टाकून येणाऱ्या पगारदाराला तो अधिकार ज्या भावाने पडतो त्या भावाने रोजंदारीवरच्या माणसाला पडत नाही. या प्रकरणांसाठी संध्याकाळचे न्यायालय किंवा लेखी जबाबावर निकाल देण्याची सोय झाली, तर दंडाच्या रकमा कमी करण्यापेक्षा तिचा उपयोग मोठा होईल असे माझे मत आहे.

पुकारा झाला की न्यायाधीश आरोपाचा तपशील वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. उत्तर तीन शब्दांचे द्यावे: ‘गुन्हा कबूल नाही.’ आपली हकिकत सांगण्याची ही वेळ नव्हे. पुढच्या तारखेला सरकार पक्षाचा साक्षीदार, म्हणजे बहुधा चलन करणारा पोलीस कर्मचारी, साक्ष देतो आणि त्याचा उलटतपास घेण्याचा हक्क आपल्याला असतो. उलटतपासात प्रश्न थोडे, लहान आणि कागदाशी बांधलेले असावेत. ‘तुम्ही खोटे बोलत आहात’ हा प्रश्न नाही. मी छायाचित्राची मोठी प्रत साक्षीदाराच्या हाती दिली आणि पाटीचा शेवटचा आकडा वाचायला सांगितला. त्याने चित्र डोळ्यांजवळ नेले, मग लांब धरले, आणि हा आकडा आठ असावा असे म्हणाला. ‘असावा’ हा शब्द तसाच नोंदवून घेण्याची विनंती मी केली आणि पुढचा प्रश्न टेकूचा विचारला. त्या कर्मचाऱ्याबद्दल मला राग नव्हता. चौकात उभे राहून दिवसभर क्रमांक टिपणाऱ्या माणसाकडून एखादा आकडा चुकणारच. चूक तपासण्यासाठी जी पायरी ठेवली आहे तिथे कोणी चित्र उघडत नाही, दोष तिथे आहे.

साक्षीनंतर आरोपीचा जबाब होतो आणि मग आपले कागद दाखल करता येतात. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती असाव्यात, एक न्यायालयाला आणि एक सरकारी अभियोक्त्यांना. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राची अट आपल्यालाही लागू असते, म्हणून सीसीटीव्हीचे चित्रण देणाऱ्याकडून ते प्रमाणपत्र आधीच घ्यावे. निर्दोष सुटका झाली की त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा. निकालाची प्रमाणित प्रत वाहतूक शाखेला देऊन पोर्टलवरील नोंद बंद करून घ्यावी लागते. ती आपोआप बंद होईल या भरवशावर राहिल्यास वाहन विकताना ते चलन पुन्हा वर येते.

बातमीचे काय करावे

वाहतूक मोहिमेची बातमी ठरावीक साच्यातली असते. इतक्या वाहनांवर कारवाई, इतक्या लाखांचा दंड, बेशिस्त चालकांना दणका. आकडे पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून आलेले असतात आणि त्यांत केलेली चलने, वसूल झालेली रक्कम आणि न्यायालयात टिकलेली प्रकरणे हे तीन वेगळे आकडे एकाच वाक्यात मिसळलेले असतात. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप पुकारला, तेव्हाही बातम्यांत थकीत रक्कम आणि संपाचे हाल यांनाच जागा मिळाली. वाहतूकदार ज्या पुराव्याबद्दल बोलत होते त्याची चर्चा आतल्या पानांवर राहिली. याच सुमारास कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाइलवर छायाचित्रे काढून चलने करू नयेत अशा सूचना निघाल्या, आणि पुरावा म्हणून पाहिले तर माझ्या मते ती बातमी संपाहून मोठी होती.

दुसऱ्या टोकाला पुण्यातील कल्याणीनगरचा १९ मे २०२४ चा अपघात आहे. भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला आणि अल्पवयीन चालकाला काही तासांत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. माध्यमांनी प्रकरण लावून धरले नसते तर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपापर्यंत तपास इतक्या लवकर पोहोचला असता का, ही शंका रास्त आहे. त्याच दबावात त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्याचे जे आदेश झाले ते मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी बेकायदा ठरवले, हेही तितकेच खरे आहे. बातमी तपासाला हलवू शकते आणि न्यायाला ढकलूही शकते. चलनाच्या खटल्याकडे मात्र कोणताच बातमीदार फिरकत नाही, त्यामुळे आपल्याकडे कोणी आलाच तर आधी थोडा विचार करावा.

साक्ष होण्यापूर्वी वर्तमानपत्राकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. आपली हकिकत छापून आली की साक्षीदाराला आपले प्रश्न आधीच कळतात, आणि न्यायाधीशांवर दबाव आणण्याचा हेतू नसतानाही तसा दिसतो. साक्ष आणि निकाल झाल्यावर बोलण्यास हरकत नाही. न्यायालये खुली असतात, आणि कामकाजाचे रास्त व अचूक वार्तांकन न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ४ प्रमाणे अवमान ठरत नाही. दालनात परवानगीशिवाय चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण मात्र करू नये. समाजमाध्यमांवरील टाळ्यांसाठी ही चूक करणारे कमी नाहीत. बातमीदाराला निकालाची प्रत, चलन आणि माहिती अधिकारातील उत्तर द्यावे, आपले शेरे देऊ नयेत. कर्मचाऱ्याचे नाव आणि छायाचित्रातल्या अनोळखी वाहनाचा क्रमांक झाकून द्यावा. त्या वाहनाच्या मालकावर उद्या आपल्यासारखीच वेळ येऊ नये. ‘चलन रद्द’ आणि ‘निर्दोष मुक्तता’ यांतला फरक मजकुरात नीट आला आहे का, हे विचारून घ्यावे. चांगला बातमीदार त्याबद्दल रागावत नाही.

एखाद्या दैनिकाने खटला चालू असतानाच आपल्याला नावानिशी दोषी म्हणून छापले असेल, तर आधी संपादकांना पत्र लिहून कागदासह दुरुस्ती मागावी आणि पत्राची प्रत ठेवावी. दाद न मिळाल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिकांबाबत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडावा लागतो. दूरचित्रवाहिन्या या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. निकाल दोन महिन्यांनंतर लागणार असेल तर परिषदेची मुदत त्याची वाट पाहत नाही, म्हणून दुरुस्तीचे पत्र निकालाआधीच पाठवावे आणि त्यात ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असून आरोप मला मान्य नाही’ एवढेच म्हणावे.